रशीदा मॅडमचं स्वतःचं खातं

कर्ज विभागात माझी बदली झाली, त्या दिवशी रशीदा मॅडमनी मला समोरची खुर्ची दिली, पाणी पुढं केलं आणि विचारलं, "पासबुक हाय का जवळ?"

"कोणाचं?"

"तुझं. मी दुसऱ्याचं तुझ्याकडं कशाला मागू?"

मला वाटलं, पगाराचं काहीतरी काम असेल. मी बॅगेतून काढून दिलं. मॅडमनी चष्मा चढवला, टेबलावरचं कॅलेंडर शेजारी ओढलं आणि पासबुक शेवटच्या पानावर उघडून मागून पुढं वाचायला घेतलं. एकेका तारखेचा वार कॅलेंडरात बघायचा आणि पेन्सिलीनं बारीक टिंब करायचं. दहा मिनिटं झाली तरी मान वर नाही. मग म्हणाल्या, "तीन तारखेला गावाकडं पाच हजार जातात, चांगली गोष्ट हाय. दर शनिवारी सातशे-आठशे जातात, एकाच ठिकाणी. कुठं बसतोस ते मी विचारणार नाय. मागच्या महिन्यात अठ्ठावीस तारखेला खात्यात त्रेचाळीस रुपये. त्या दिवशी घरात भांडण झालं का?"

झालं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ वर्षं मी रोखपालाच्या पिंजऱ्यात काढली होती, लाखांनी नोटा मोजल्या होत्या, पण माझ्या शनिवारावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मी म्हणालो, "मॅडम, मी इथं काम करायला आलोय, कर्ज मागायला नाही."

"म्हणूनच वाचलं. कर्ज मागणारा सहा महिने आधीपासून खात्याला पावडर लावून आणतो. तुझं खातं आंघोळ न केलेलं हाय. शिकायला बरं."

आमची बँक लहान, सहकारी. सिडकोतल्या शाखेत आम्ही अकरा जण आणि त्यातल्या दहा जणांना रशीदा मॅडमची धास्ती. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं काडी, सुती साडी, डोक्यावर पदर आणि हातात काळी पर्स. त्या पर्सच्या चेनला छोटं कुलूप लावलेलं असे. रोज फुलंब्रीहून बसनं यायच्या, बसनंच जायच्या. सुट्टे नाहीत म्हणून कंडक्टरनं तिकिटाच्या मागं दोन रुपये बाकी लिहिले, तर ते तिकीट पर्समध्ये जपून ठेवायच्या. चार दिवसांनी तोच कंडक्टर भेटला की तिकीट त्याच्या नाकासमोर धरायच्या. बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा सगळ्या बायका खूश, मॅडम तेवढ्या चिंतेत. "अर्धं कमी केलं म्हणतेत. मग ते अर्धं कुठून काढणार, ते कोणी सांगंना," असं आठवडाभर चाललं होतं. भाजीवाल्यानं कोथिंबीर फुकट टाकली तर त्या काटा तपासायच्या.

पेढ्यांबाबत त्यांचा कडक नियम होता. कर्ज मंजूर झाल्यावर कुणी पेढे आणले तर अर्धा खायच्या. मंजूर होण्याआधी आणले तर मला सांगायच्या, "जाधव, ही फाईल गठ्ठ्यात सगळ्यात खाली ठेव. गोड आधी आलंय."

घरासाठी कर्ज मागायला आलेला माणूस तोंडानं काय सांगतो, याच्याकडं त्या फारसं लक्ष देत नसत. तो बोलत असताना "व्हय का, बरं, बरं" करत राहायच्या आणि नजर खात्याच्या उताऱ्यावर. पगार किती, हे त्या शेवटी बघायच्या. आधी बघायच्या, पगार आल्यावर किती दिवस टिकतो. महिनाअखेरीला काही उरतं की नाही. विम्याचा, मोबाईलचा, कसलाही हप्ता खात्यात पैसे नाहीत म्हणून परत गेलाय का. परत गेलेल्या हप्त्याभोवती त्या लाल पेन्सिलीनं गोल काढायच्या. एकदा मी म्हणालो, "मॅडम, दोनशे रुपयांचा तर आहे. विसरला असेल माणूस."

"दोनशेचा असू दे का दोन हजाराचा. त्या दिवशी त्याचं खात्याकडं लक्ष नव्हतं. वीस वर्षं हप्ता भरायचा म्हणतो अन् खात्याकडं बघत नाय? मग घराकडं काय बघणार?"

करमाडचं एक जोडपं आलं होतं. तो शेंद्र्याच्या कंपनीत कामाला, बायको सोबत, तिच्या कडेवर लेकरू. पगार बावीस हजार, वीस तारखेच्या पुढं खातं कोरडंठाक, आणि अर्ज करायच्या थोडेच दिवस आधी खात्यात चार लाख. मॅडमनी विचारलं, "हे कुठून आले?"

"सासऱ्यांनी दिले मॅडम. लेकीच्या घरासाठी."

"लई चांगला सासरा. कोणत्या खात्यातून दिले?"

"रोख दिले."

"रोख कुठं ठेवले होते?"

"घरातच होते."

"घरात कुठं?"

तो बायकोकडं बघायला लागला, बायको लेकराकडं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सासऱ्यानं एकदम दिले, तर तुम्ही चार वेळा कशाला भरले? आधी दोन लाख, मग पन्नास हजार, मग ऐंशी, मग सत्तर. सासऱ्याच्या घरी चार कपाटं हायेत का?"

शेवटी ती पोरगीच बोलली. "मामाचे, मावशीचे, दिराचे आन् शेजारच्या काकूचे हायेत मॅडम. कर्ज झालं की परत द्यायचेत."

याला मॅडम पाहुणा पैसा म्हणत. "पाहुणा चहा पिऊन जाणार. तो गेल्यावर हप्ता कोण भरणार? तुम्हीच ना? मग मला तुमचा पैसा दाखवा, पाहुण्याचा नको." अर्ज परत केला. पण जाताना त्या जोडप्याला एका कागदावर लिहून दिलं: हप्ता नऊ हजार येईल, आजपासून घर घेतलंच आहे असं समजून दर पाच तारखेला नऊ हजार वेगळ्या खात्यात टाकायचे आणि काही झालं तरी मोडायचे नाहीत. ती पोरगी दारापर्यंत डोळे पुसत गेली. मला मॅडमचा राग आला होता. सहा महिन्यांनी ती दोघं परत आली, खात्यात सहा वेळा नऊ हजार, आणि चार दिवसांत त्यांचं कर्ज मंजूर झालं. तेव्हाचा अर्धा पेढा मॅडमनी खाल्ला. उरलेला अर्धा मी खाल्ला.

एकदा एक सरकारी नोकर बायकोला घेऊन आला. त्याच्या उताऱ्यात रोज रात्री एकोणपन्नास, नव्याण्णव, एकशे नव्याण्णव असे तुकडे. मॅडमनी ते पान उलटं झाकून ठेवलं आणि बायकोला म्हणाल्या, "वहिनी, समोरच्या दुकानातून आधारच्या दोन झेरॉक्स आणता का?" झेरॉक्सचं मशीन आमच्याकडं होतं. ती बाहेर गेल्यावर हळूच म्हणाल्या, "हा मोबाईलवरचा पत्त्यांचा खेळ कधीपासून चाललाय?" तो माणूस खाली मान घालून रडायलाच लागला. "वहिनीला मी सांगणार नाय. तुम्ही सांगा. मग सहा महिने खातं साफ ठेवा अन् या." ती झेरॉक्स घेऊन आली तेव्हा मॅडम तिच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत बसल्या. एवढा संशयी माणूस एवढं सांभाळून कसं घेतो, मला कळेना.

आणि मला कळेना म्हणूनच मलाही संशय यायला लागला.

आमच्या शाखेत गायके नावाचा रोखपाल होता. त्याचं मत ठाम होतं: "एवढी कडक बाई फुकट कडक नसते." बँक बंद असते त्या शनिवारी मॅडम सावंगीकडं नव्या इमारती बघत फिरतात, बिल्डरांच्या माणसांशी बोलत उभ्या असतात, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. इथं गरिबांच्या फायली अडवायच्या आणि तिथं बिल्डरकडून प्रत्येक फ्लॅटमागं काहीतरी घ्यायचं, असा त्याचा हिशेब. मी त्याला उडवून लावलं. पण एका शनिवारी हर्सूलच्या पुढं, सावंगीला नातेवाइकाकडं चाललो होतो, तर खरंच एका अर्धवट इमारतीत मॅडम दिसल्या. रुपयाच्या नाण्यानं भिंत वाजवून बघत होत्या. बिल्डरचा मुनीम हात जोडल्यासारखा मागं मागं. मॅडमनी नळ सोडून बघितला, पाण्याचा वास घेतला, दार चार वेळा उघडलं-लावलं, आणि मग पर्सचं कुलूप उघडून त्याला काहीतरी कागद दिला.

सोमवारी मी ते गायकेला सांगितलं. गायकेला सांगितलं म्हणजे शाखेला सांगितलं. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते. पण तेव्हा मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं.

त्याच आठवड्यात मॅडमनी माझ्या टेबलावर घरकर्जाचा एक अर्ज ठेवला. अर्जदाराच्या रकान्यात त्यांचंच नाव होतं.

"स्वतःच्या अर्जाला मला नियमानं हात लावता येत नाय. तू वाच. आन् सवलत करू नको, सांगून ठेवते."

त्यांनीच सांगितलं, फार न फुलवता. नवरा लग्नानंतर तीन वर्षांत गेला. तेव्हापासून त्या फुलंब्रीत धाकट्या भावाच्या, नईमच्या घरात राहत होत्या. बावीस वर्षं. "मला एक खोली दिलीय. कोणी त्रास देत नाय, खोटं कशाला बोलू. पण खोलीची कडी बाहेरून हाय, आतून नाय. माणसाला कधी वाटतं, आतून कडी लावावी." भाच्याचं लग्न ठरलं होतं. नव्या सुनेला तीच खोली द्यायची असं घरात चाललं होतं. "मला कुठं टाकतील ते अजून कोणी बोललं नाय."

सावंगीच्या त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट त्यांनी धरला होता. दोन बांगड्या मोडून एक लाख इसार दिला होता. दोन महिन्यांत कर्ज मंजूर झालं नाही तर फ्लॅट दुसऱ्याला जाणार आणि इसार बुडणार, असं लिहून दिलेलं. अर्जात 'स्वतःचा हिस्सा' या रकान्यात मॅडमनी लिहिलं होतं: चार लाख, पगाराच्या खात्यातून.

मला वाटलं, ही तर पाच मिनिटांची गोष्ट. ज्या बाईनं आयुष्यभर लोकांची खाती सोलून काढली, तिचं खातं आरशासारखं असणार. तरी शिकवल्याप्रमाणे वर्षभराचा उतारा काढला, कॅलेंडर शेजारी ठेवलं आणि मागून वाचायला घेतलं.

शिल्लक एकसष्ट हजार होती.

मी खातं क्रमांक पुन्हा तपासला. बरोबर होता. वर जाऊ लागलो तर हे खातं पगारदार बाईचं वाटेचना. आडत्याकडून साठ हजार जमा, अद्रकीचे. चार दिवसांत फुलंब्रीच्या एटीएममधून सत्तर हजार बाहेर. मक्याचे चाळीस आले, बावन्न गेले. आमच्या भागात घरात एक माणूस बँकेत लागलं की साऱ्या घराचा पैसा त्याच्याच खात्यात येतो. आडत्यानं विचारलं, पैसे कुठं टाकू, की घरातले सांगतात, आपाच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या खात्यात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण इथं येणाऱ्यापेक्षा जाणारा दर वेळी थोडा जास्त होता, आणि तो जास्तीचा भाग मॅडमच्या पगारातून जात होता. मॅडमच्या विम्याचा हप्ता वर्षात तीन वेळा परत गेला होता.

मला आधी काय वाटलं ते सांगतो, म्हणजे माझी लायकी कळेल. मला वाटलं, बाई भावाचा पैसा स्वतःच्या खात्यात फिरवून आपली उलाढाल फुगवून दाखवतेय. पाहुणा पैसा! मी अक्षरशः टाळी वाजवली. मग एटीएमच्या नोंदींच्या वेळा बघितल्या. मंगळवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. त्या मंगळवारी अकरा वाजता मॅडम माझ्यासमोर बसून एका शिक्षकाला त्याच्याही सासऱ्याची कपाटं विचारत होत्या. आणखी सहा नोंदी बघितल्या. सहाही कामाच्या दिवसांच्या, बँकेच्या वेळेतल्या.

मी शाखाधिकाऱ्यांकडं गेलो. साहेब भला माणूस. म्हणाले, "अहो, घरचं माणूस आहे. शेऱ्यात 'समाधानकारक' लिहा आणि वर पाठवा. हिस्सा कमी पडतोय तर कर्ज थोडं वाढवू. बाईंना घर मिळू द्या." खरं सांगतो, मी तेच करणार होतो. पेनही उघडलं होतं. पण मॅडमला न विचारता लिहायचं धाडस झालं नाही.

साडेचारला शाखा रिकामी झाल्यावर मी म्हणालो, "मॅडम, जरा बसा." त्या माझ्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसल्या, जिथं कर्ज मागणारे बसतात. मी उतारा माझ्याकडं धरून विचारलं, "मागच्या महिन्यात फुलंब्रीच्या एटीएममधून हे वीस हजार कोणी काढले?"

"मी."

"आणि दुसऱ्या दिवशीचे वीस?"

"मीच."

"हे बारा हजार?"

"सगळे मीच काढलेत. पुढं जा."

तो सूर माझ्या ओळखीचा होता. करमाडचा तो माणूस 'घरातच होते' म्हणाला, तेव्हा तसाच बोलला होता. मी म्हणालो, "मॅडम, मंगळवारी अकराला तुम्ही इथं होतात. माझ्यासमोर."

त्यांनी चष्मा चढवला. मग हात पुढं केला. मी उतारा दिला. त्यांनी पर्समधून पेन्सिल काढली आणि स्वतःचं खातं वाचायला सुरुवात केली, पहिल्यांदाच. कार्ड आणि त्याचा पिन नईमकडं, कारण मॅडमला कार्ड कशाला लागतं, त्या बँकेतच असतात. खात्याला नंबर नईमच्या फोनचा, कारण तेव्हा घरात तोच एक चांगला फोन होता. चार लाख हा आकडा मॅडमनी मनात धरला होता: एवढा पगार, एवढे घरात दिले, एवढे माझे खर्च, उरलेले खात्यात. हिशेब चोख होता. फक्त खातं उघडून बघितलं नव्हतं.

परत गेलेल्या तीन हप्त्यांभोवती त्यांनी लाल गोल काढले. तिसऱ्या गोलाला पेन्सिल थांबली.

"या मशीनवर माझं खातं उघडायला एक मिनिट लागतं, जाधव. इतक्या वर्षांत ते एक मिनिट मी काढलं नाय."

"का, मॅडम?"

"बघितलं की विचारावं लागतं. अन् भावाला विचारायचं म्हणजे मग त्याच्या ताटात बसून जेवायचं कसं?"

मी म्हणालो, साहेब 'समाधानकारक' लिहा म्हणतायत, आपण करू, कुणाला कळणार नाही.

"साहेबाला राहू दे. करमाडच्या त्या पोरीला परत पाठवलं तवा तिच्या कडेवर लेकरू होतं. तिला एक कायदा अन् मला दुसरा का? लिही. मी सांगते ते लिही."

त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: खात्याचा व्यवहार समाधानकारक नाही, तीन हप्ते परत, स्वतःचा हिस्सा खात्यात दिसत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करावा. त्यांच्या सांगण्यावरून लिहिताना एकही शब्द चुकला नाही, पण सही करायला मला वेळ लागला. फ्लॅट गेला. इसारातले चाळीस हजार परत मिळाले, तेही मॅडमनी त्या मुनिमाकडं चार चकरा मारल्यावर.

त्याच संध्याकाळी त्यांनी कार्ड बंद केलं. तिसऱ्या दिवशी नईम आला. उंच, पांढरा शर्ट, हातात साहेबांसाठी पिशवीभर अद्रक. दारातूनच हसत म्हणाला, "आपा, कार्ड चलताच नै. मशीनमधे काय झालं बघ जरा."

"बसा," मॅडम म्हणाल्या.

बहिणीच्या तोंडून 'बसा' ऐकून तो हसला, पण बसला.

"कोणाचं खातं हाय?"

"आपलंच की!"

"आपलं म्हणजे कोणाचं? नाव सांगा."

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. रांगेतले दोघं-तिघं बघत होते. "आपा, लोक बघायलेत. घरी बोलू ना."

"घरी मी बावीस वर्षं बोलले नाय. इथं मला बोलता येतं." त्यांनी उतारा आणि पेन त्याच्यापुढं सरकवलं. "प्रत्येक ओळीपुढं लिहा, कशाला काढले. घाई नाय."

तो खरंच लिहायला लागला. पिकअप गाडीचा हप्ता. खत. पिकअपचा हप्ता. लग्नाच्या साड्या. पिकअपचा हप्ता. दीड पान झाल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं. चेहरा पडला होता.

"आपा, मला वाटलं तुला दिसतंय. तू बँकेत हायेस. सगळ्या गावाचं तुला दिसतं, मग आपलं दिसत नसंल का? तू काही बोलली नाय म्हणून मला वाटलं, चालतंय."

मॅडमकडं प्रत्येक उत्तरावर पुढचा प्रश्न तयार असायचा. त्या दिवशी त्यांनी उताऱ्याची घडी घालून पर्समध्ये ठेवली. तो खरं बोलत होता की सोयीचं, मला आजही ठरवता येत नाही. मी मॅडमच्या हाताखाली शिकलेला, मला सोयीचंच वाटतं. गायकेला, म्हणजे सगळ्यांवर संशय घेणाऱ्या त्या गायकेला, तो खरा वाटला होता. मॅडमना काय वाटलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. अद्रकीची पिशवी मात्र त्यांनी परत पाठवली.

महिनाभरात त्यांनी हर्सूलला भाड्यानं एक खोली घेतली. भाच्याच्या लग्नाला गेल्या, आहेर केला, रात्री परत आल्या. मी एकदा त्यांच्यापुढं जाऊन सावंगीच्या इमारतीची गोष्ट, मी गायकेला काय सांगितलं होतं ते, सगळं कबूल केलं. "माहीत हाय मला," त्या म्हणाल्या. "तुला संशय आला ते बरोबर. पण मला न विचारता गायकेला सांगितलंस, ते चूक."

त्यांची माझ्याजवळची शेवटची आठवण सात महिन्यांनंतरची, माझ्या टेबलाच्या पलीकडच्या त्याच खुर्चीतली. माझी जालन्याला बदली झाली होती, चार दिवस उरले होते. त्यांनी नवा अर्ज ठेवला. हर्सूलमध्येच, तळमजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर, आधीपेक्षा बराच लहान. उतारा जोडलेला. त्या खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या, दोन्ही हात पर्सवर, आणि माझ्या पेन्सिलीकडं बघत होत्या. पुन्हा काही निघालं तर मी काय लिहू?

खातं स्वच्छ होतं. आडत्याचा एक रुपया नाही, एकही हप्ता परत नाही, महिन्याला शिल्लक वाढत गेलेली. मी पेन्सिल खाली ठेवणार, तेवढ्यात एक ओळ दिसली. तीन हजार, नईमच्या नावावर. मागच्या महिन्यातही तीन हजार. त्याच्या मागच्याही. सातही महिने. मला वाटलं, पठ्ठ्यानं पुन्हा हात घातला खात्यात. मी विचारलं, "मॅडम, हे कोणी काढले?"

"काढले नाय. मी दिले. माझ्या फोनवरून."

"त्यांनी मागितले?"

"नाय. मागायला तोंड नाय त्याला. पिकअपचा हप्ता अजून चालू हाय."

"पण हे तुमच्या हप्त्याच्या आड येईल, मॅडम."

"येतं. म्हणून तेवढं वजा करून कर्ज मागितलंय. अर्ज बघ."

बघितलं. खरंच, महिन्याला तीन हजार वजा धरूनच त्यांनी हिशेब मांडला होता, म्हणून तर घर एवढं लहान होतं. मी शेऱ्यात 'समाधानकारक' लिहिलं. पण दर महिन्याला जाणाऱ्या अशा रकमेपुढं कारण लिहावं लागतं, हे मला त्यांनीच शिकवलेलं.

"कारणात काय लिहू?"

त्यांनी पर्सचं कुलूप उघडलं, परत लावलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या.

"ते नातं झालं मॅडम. कारण नाही."

"माझ्याकडं दुसरं नाय, जाधव."

मी तेच लिहिलं.